वाणीचे ऋण : आबे द्युब्वा यांच्या ग्रंथाच्या निमित्ताने

भारतीय भाषांच्या संदर्भात ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या लेखनाचा विचार होतो तेव्हा सामान्यतः दोन ठरावीक भूमिका पुढे येतात. एक भूमिका कृतज्ञतेची. धर्मप्रचारकांनी कोश रचले, व्याकरणे लिहिली, छापखाने आणले, म्हणून त्यांचे ऋण मानावे, असे ती सांगते. दुसरी भूमिका अभियोगाची आहे. या लेखनाने परक्या सत्तेला हातभार लावला आणि येथील समाजाचे विपर्यस्त चित्र जगापुढे ठेवले, असे तिचे म्हणणे. दोन्ही भूमिकांना पुरेसा पुरावा आहे आणि म्हणूनच त्यांच्यातील वाद निकाली निघत नाही. या लेखनाचे परीक्षण आणखी एका कसोटीवर करता येईल. ती कसोटी बाहेरची नसून लेखकांच्या स्वतःच्या धर्माने घालून दिलेली आहे. माणसाने कसे बोलावे, याविषयी ख्रिस्ती परंपरेने सोळा-सतरा शतके जो विचार केला होता, त्या विचाराला हे ग्रंथ उतरतात काय, हा प्रश्न अभ्यासकांनी क्वचितच विचारला आहे. म्हैसूर राज्यात लिहिल्या गेलेल्या एका प्रसिद्ध ग्रंथाचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम ती शिकवण नेमकी काय आहे, हे पाहिले पाहिजे. दहा आज्ञांपैकी एका आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. कॅथलिक गणनेप्रमाणे ही आठवी आज्ञा, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांच्या गणनेप्रमाणे नववी. या आज्ञेची पार्श्वभूमी न्यायसभेची आहे. असत्य हे तत्त्वतः वाईट, एवढेच सांगून ती थांबत नाही. त्या असत्याने जो बुडणार आहे त्या शेजाऱ्याला ती पुढे उभा करते. डोंगरावरील प्रवचनात येशूने यापुढचे पाऊल टाकले. तेथे शपथ घेणेच वर्ज्य ठरविले आहे. कारण ज्याचा होकार होकारच असतो आणि नकार नकारच असतो त्याला शपथेचा आधार घ्यावा लागत नाही. याकोबाच्या पत्रात जिभेला लगामाची, सुकाणूची आणि रान पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिलेली आहे. ज्या मुखाने ईश्वराचे स्तवन करावयाचे त्याच मुखाने ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप द्यावयाचा, या विसंगतीवर त्या पत्राचा मुख्य रोष आहे.

पौलाच्या नावाने चालत आलेल्या इफिसकरांस पत्रात या विचाराला तात्त्विक रूप लाभले. तेथील मूळ ग्रीक शब्दप्रयोगात सत्य हे क्रियापद होऊन येते. प्रीतीत राहून सत्य आचरावे आणि बोलावे, असा त्याचा आशय. थोड्या पुढे असत्य टाकून देण्याचे जे कारण दिले आहे ते लक्षणीय आहे. सर्वजण एकमेकांचे अवयव आहेत, म्हणून असत्य टाकावे. शेजाऱ्याला फसविणारा स्वतःच्याच देहाला फसवितो, असा हा युक्तिवाद आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात बोलणे कृपायुक्त असावे आणि त्याला मिठाने चव आलेली असावी, असे सुचविले आहे. येथे मिठाऐवजी मधाची किंवा साखरेची उपमा सहज सुचण्यासारखी होती. ती वापरलेली नाही. मीठ अन्नाला रुची देते, अन्न टिकविते आणि जखमेवर पडले तर झोंबते. मराठी मनाला या प्रतिमेत आणखी एक अर्थ ऐकू येईल. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे उपकार न विसरणे, ज्याचे घेतले त्याचे नाव घेणे. मूळ पत्रात हा अर्थ अभिप्रेत नसला, तरी पुढील विवेचनात तो उपयोगी पडणारा आहे.

सत्य आणि प्रिय यांची सांगड ही काही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी नव्हे. मनुस्मृतीने सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये आणि प्रिय असले तरी असत्य बोलू नये, अशी चौकट आखून दिली आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे लक्षण सांगताना सत्य आणि प्रिय यांच्या जोडीला हित आले आहे. ज्ञानेश्वरांनी तर तेराव्या अध्यायात वाणीचे विवेचन अहिंसेच्या पोटात केले. शब्द उमटण्यापूर्वीच कृपा पुढे गेलेली असते, असे त्यांचे वर्णन आहे. या दृष्टीने पाहता पौल आणि ज्ञानेश्वर यांच्यातील अंतर फार मोठे नाही. नारायण वामन टिळकांसारख्या कवीला संतवाणीच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता आले, याचे एक कारण कदाचित हेच असावे.

तथापि एका बाबतीत ख्रिस्ती परंपरेने, विशेषतः तिच्या मध्ययुगीन नीतिशास्त्राने, वेगळा भर दिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने परनिंदेचा विचार न्यायाच्या प्रकरणात केला. दुसऱ्याचा लौकिक ही त्याची मालमत्ताच होय. खोटा आळ घेऊन ती हिरावता येते, तशीच त्याचे खरे पण झाकलेले दोष अकारण उघड करूनही ती हिरावता येते. अर्थात आवश्यक अशा हितासाठी दोष सांगावा लागला तर ती निंदा ठरत नाही. यापुढचे सूत्र महत्त्वाचे आहे. ज्याने दुसऱ्याचे काही हिरावले असेल त्याने नुसता पश्चात्ताप करून भागत नाही. धन घेतले असेल तर धन, लौकिक घेतला असेल तर लौकिक त्याने परत केला पाहिजे. म्हणजे वाणी हा देण्याघेण्याचा व्यवहार ठरतो आणि त्यात ऋण शिल्लक राहू शकते. गोड बोलण्याच्या उपदेशापेक्षा ही कल्पना फार कडक आहे.

या पार्श्वभूमीवर म्हैसूरच्या प्रकरणाकडे वळता येईल. जाँ-आंत्वान द्युब्वा हे पॅरिसच्या परदेशीय मिशन संस्थेचे फ्रेंच धर्मगुरू १७९२ मध्ये भारतात आले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि त्यानंतर म्हैसूर राज्यातील विस्कटलेल्या कॅथलिक समाजाची घडी बसविण्यासाठी द्युब्वा तेथे गेले. पुढची वीसाहून अधिक वर्षे त्यांनी त्याच प्रदेशात घालविली. त्यांनी देशी वेष स्वीकारला, खाण्यापिण्यात स्थानिक रीत पाळली, शेतीवर जगणाऱ्या वसाहती उभारल्या. देवीची लस लोकांनी टोचून घ्यावी म्हणून त्यांनी केलेले काम इतिहासात नोंदले गेले आहे; १८०३-०४ च्या सुमारास त्यांच्या प्रयत्नाने पंचवीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली गेली. श्रीरंगपट्टणात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चर्च आजही आहे. एका परक्या माणसाने परक्या लोकांसाठी इतके करावे, ही गोष्ट कोणत्याही टीकेपूर्वी सांगितली पाहिजे.

याच काळात हिंदूंचे आचार, रूढी आणि विधी यांवरील एक विस्तृत फ्रेंच हस्तलिखित द्युब्वांनी म्हैसूरचे हंगामी रेसिडेंट मार्क विल्क्स यांच्या हाती दिले. विल्क्स पुढे म्हैसूरचे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या शिफारशीवरून मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक यांनी १८०७ मध्ये ते हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीसाठी दोन हजार पॅगोडांना विकत घेतले. १८१६ मध्ये लंडनला त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पुढे द्युब्वांनी त्यात पुष्कळ भर घातली. सुधारलेली फ्रेंच आवृत्ती १८२५ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाली आणि हेन्री बोशँप यांनी सुधारित संहितेवरून केलेले इंग्रजी भाषांतर १८९७ मध्ये माक्स म्युलर यांच्या प्रास्ताविकासह ऑक्सफर्डहून निघाले. दक्षिण भारतातील समाजजीवनावरचा आधारग्रंथ म्हणून शंभराहून अधिक वर्षे या पुस्तकाची ख्याती होती. ती ख्याती मुख्यतः एका विश्वासावर उभी होती. लेखक या लोकांत त्यांच्यासारखा राहिला, त्याने डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, असा तो विश्वास. धर्मशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हा ग्रंथ म्हणजे एक साक्ष होती.

१९८७ मध्ये सिल्व्हिया म्युर या फ्रेंच विदुषीचा दोन खंडांतील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या साक्षीची उलटतपासणी झाली. लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात त्यांना देव्हो नावाच्या फ्रेंच तोफखान्याच्या अधिकाऱ्याने १७७७ मध्ये सिद्ध केलेली एक संहिता आढळली. तिचा आशय गास्ताँ-लोराँ कर्दू या जेझुइट पंडिताच्या लेखनावर आधारलेला होता. म्युर यांनी दोन्ही संहिता शेजारी ठेवून दाखवून दिले की, द्युब्वांच्या ग्रंथाचा मोठा भाग कर्दूंच्या या लेखनातून आलेला आहे आणि त्या ऋणाची कबुली ग्रंथात नाही.

कर्दू कोण होते, हेही येथे सांगितले पाहिजे. १७३० नंतरच्या दशकात ते दक्षिण भारतात आले, तेलुगु प्रदेशात वावरले आणि पुढे पुदुच्चेरीला राहून १७७९ मध्ये निवर्तले. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांच्यातील साम्य आकस्मिक नसून मूळच्या नात्यातून आलेले आहे, असे प्रतिपादन करणारे त्यांचे टिपण १७६७ च्या सुमारास पॅरिसच्या विद्वत्सभेकडे गेले होते. ते छापले गेले १८०८ मध्ये. मधल्या काळात, १७८६ साली, विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान झाले आणि त्या शोधाचा मान जगाने त्यांना दिला. जोन्स यांनी काही हिरावले नव्हते. विद्वत्सभेच्या दिरंगाईने कर्दूंचे श्रेय झाकले गेले. दुसऱ्या वेळी मात्र त्यांच्याच धर्माच्या एका गुरूच्या ग्रंथात त्यांचे शब्द आले आणि नाव आले नाही. १७७३ मध्ये पोपच्या आज्ञेने जेझुइट संघ बरखास्त झाला होता. त्या संघाच्या कागदपत्रांना वाली उरला नव्हता. अनाथाचे घेणे सोपे असते.

द्युब्वांच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगणे न्यायाचे ठरेल. त्या काळी संकलनाची रीत आजच्यापेक्षा सैल होती. धर्मसंघातील लेखन हे सर्वांचे सामाईक धन मानण्याची वहिवाटही होती. द्युब्वांनी नुसती नक्कल केली, असेही नाही. म्हैसूरमधील दीर्घ वास्तव्यात मिळविलेली माहिती त्यांनी तिच्यात मिसळली. कदाचित बरखास्त संघाच्या माणसाचे नाव घेणे अडचणीचे वाटले असेल. ही सर्व कारणे दोषाची तीव्रता कमी करतात, यात शंका नाही. परंतु प्रश्न संकलनाच्या रीतीपुरता राहत नाही. ग्रंथाचा अधिकार ज्या प्रत्यक्षदर्शीपणावर उभा होता तोच येथे डळमळतो.

या प्रकरणाचे मर्म येथे आहे. नाव न घेतल्याने कर्दूंचे नुकसान झाले, हे उघड आहे. त्याहून मोठे नुकसान ज्यांचे वर्णन केले होते त्या लोकांचे झाले. अठराव्या शतकात तमिळ-तेलुगु प्रदेशात केलेली निरीक्षणे एकोणिसाव्या शतकातील म्हैसूरच्या प्रत्यक्ष दर्शनाच्या नावाखाली वाचली गेली. देश आणि काळ दोन्ही पुसले गेले. दोन पिढ्यांत काही बदलले असेल, एका प्रदेशातली रूढी दुसऱ्या प्रदेशात नसेल, ही शंका वाचकाला येण्याचे कारणच उरले नाही, कारण साक्षीदार एकच आणि तो समक्ष पाहणारा, असे त्याला सांगण्यात आले होते. हिंदू समाज अचल आहे, शतकानुशतके तो एकाच रीतीने जगत आला आहे, या समजुतीला अशा ग्रंथांनी बळ दिले. एका जेझुइटाचे नाव गाळल्याने एका समाजाची गतिमानता गाळली गेली. ज्याच्याकडून शब्द घेतला त्याच्याशी अप्रामाणिक राहून ज्याच्याविषयी शब्द बोलावयाचा त्याच्याशी प्रामाणिक राहता येत नाही. सर्वजण एकमेकांचे अवयव आहेत, या पौलाच्या युक्तिवादाचा अर्थ ग्रंथविद्येच्या क्षेत्रात यापेक्षा स्पष्ट रीतीने क्वचितच दिसेल.

सत्याच्या अंगाने द्युब्वा असे उणे पडले. सौहार्दाच्या अंगाने त्यांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १८२३ मध्ये, भारत सोडला त्याच वर्षी, त्यांची भारतातील ख्रिस्ती धर्माच्या स्थितीवरील पत्रे लंडनला प्रसिद्ध झाली. हिंदूंचे धर्मांतर व्यवहारतः अशक्य आहे, असे त्यांनी तीत निःशंकपणे सांगितले. आयुष्यभराच्या उद्योगाविषयी असा कबुलीजबाब देण्यास धैर्य लागते. याच पुस्तकाला त्यांनी हिंदू स्त्रीपुरुषांचे एक समर्थन जोडले. एका प्रॉटेस्टंट धर्मप्रचारकाने हिंदूंवर, विशेषतः हिंदू स्त्रियांवर, जे कठोर आक्षेप घेतले होते त्यांना हे उत्तर होते. बंगालात किंवा अन्यत्र पाहिलेल्या दोषांवरून सगळ्या समाजाला काळे फासणे त्यांना मान्य नव्हते. प्रॉटेस्टंट वर्तुळात या पुस्तकाने खळबळ माजली आणि जेम्स हाऊ व हेन्री टाउन्ली यांची उत्तरे लगोलग १८२४ मध्ये निघाली. परधर्मीयांवरील खोट्या साक्षीविरुद्ध एक ख्रिस्ती धर्मगुरू उभा राहिला, ही घटना कर्दू प्रकरणाच्या झोतात विसरली जाऊ नये.

परंतु हेच पुस्तक आणखी बारकाईने वाचले तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. आपल्या हातून झालेल्या थोड्या धर्मांतरांविषयी लिहिताना द्युब्वांची लेखणी तुच्छतेने भरते. आपल्याकडे आलेल्यांत बहुसंख्य लोक अस्पृश्य, भिकारी किंवा जातिबाह्य होते आणि त्यांच्या निष्ठेत तथ्य नव्हते, असा त्यांचा सूर आहे. मुख्य ग्रंथात त्यांनी जातिसंस्थेची मोकळेपणाने प्रशंसा केली, ही समाज सावरून धरणारी व्यवस्था आहे असे मानले आणि अस्पृश्यांचे वर्णन मात्र निष्ठुरपणे केले. म्हणजे त्यांचे सौहार्द उच्च जातींपर्यंत पोहोचले आणि तेथेच थांबले. ज्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकून समाजाचा रोष पत्करला, त्या आपल्या माणसांसाठी त्यांच्यापाशी मृदू शब्द नव्हता. त्यांचे म्हणणे आकड्यांच्या दृष्टीने खरे असेलही. अक्वायनसचा प्रश्न मात्र उरतोच. या उघडकीने कोणते आवश्यक हित साधले?

सौहार्द आणि सोयीस्कर मौन यांतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. परक्यांपुढे समाजाचे दोष झाकणे म्हणजे सौहार्द, अशी समजूत आजही प्रबळ आहे. द्युब्वांनी हिंदू स्त्रियांच्या स्थितीचे समर्थन केले त्यानंतर चौसष्ट वर्षांनी त्याच विषयावर एक वेगळी साक्ष पुढे आली. ती देणारी स्त्री १८५८ मध्ये कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, मराठी घरात जन्मली होती. पंडिता रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियाला प्रसिद्ध झाले. परक्या देशात, परक्या भाषेत, नुकताच स्वीकारलेल्या धर्माच्या लोकांपुढे आपल्या समाजाची लक्तरे टांगली, असा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झाला आणि पुढेही होत राहिला.

ख्रिस्ती वाणीविचाराच्या कसोटीवर हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. रमाबाईंनी आधार दिले ते मनुस्मृतीच्या वचनांचे, अध्याय-श्लोकांच्या निर्देशासह. वाचकाला पडताळा घेता यावा अशी ती मांडणी आहे. ज्यांच्याविषयी त्या लिहीत होत्या त्यांच्यापैकी त्या स्वतः एक होत्या. लिहिताना त्या स्वतःही विधवा होत्या. आणि पुस्तकाचा हेतू वाचकाचे कुतूहल पुरविण्याचा नव्हता. त्यातून मिळालेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. दोष सांगणे आवश्यक हितासाठी असेल तर ती निंदा नव्हे, या सूत्राचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण. पुस्तकात काही ठिकाणी अतिव्याप्ती आहे, अमेरिकन वाचकाच्या पूर्वग्रहांना सोयीची वाक्ये आहेत, हे मान्य केले तरी तुलना स्पष्ट राहते. द्युब्वांचे समर्थन प्रिय होते. रमाबाईंचा अभियोग हितकर होता. पहिल्यात बोलणाऱ्याला काही मोजावे लागले ते परक्या पंथाच्या टीकेच्या रूपाने. दुसरीने स्वतःच्या समाजाचा दुरावा पत्करला.

या दोन टोकांपेक्षा निराळी, घरगुती पातळीवरची साक्ष मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी दिली आहे. १९३४ पासून ग्रंथरूपाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक आहे, १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतल्यानंतरची ताटातूट आहे, टिळकांचा तापट आणि उधळा स्वभाव आहे आणि लेखिकेच्या स्वतःच्या मनातून स्पृश्यास्पृश्यतेचा विचार किती हळूहळू गेला त्याची निःसंकोच कबुलीही आहे. एकही दोष झाकलेला नाही आणि वाचून झाल्यावर एकाही माणसाविषयी तिटकारा उरत नाही. प्रीतीत राहून सत्य बोलणे म्हणजे काय, याची धर्मशास्त्रीय व्याख्या शोधणाऱ्याने हे पुस्तक वाचावे. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या या बाईंना जे साधले ते अनेक प्रवचनकारांना साधलेले नाही, कारण त्यांच्या लेखनात सर्वांत कडक उलटतपासणी त्यांची स्वतःची आहे.

या विवेचनाचा रोख केवळ ख्रिस्ती लेखकांकडे आहे, असे समजणे चुकीचे होईल. भारतीय साहित्यांचा अभ्यासक रोजच दुसऱ्याच्या शब्दावर जगतो. हस्तलिखिते जतन करणारी घराणी, ओव्या आणि कथा सांगणाऱ्या स्त्रिया, बोलीची रूपे पुरविणारे निवेदक, मूळ भाषेतून अर्थ लावून देणारे साहाय्यक यांच्या बळावर प्रबंध उभे राहतात. या ऋणाची आठवण करून देणारे एक उदाहरण म्हैसूरचेच आहे. १९०५ मध्ये तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयाला कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित दिले. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी त्याचे महत्त्व ओळखले आणि १९०९ मध्ये संहिता प्रसिद्ध केली. त्या पंडिताकडून हस्तलिखित आले, ही गोष्ट शामशास्त्रींनी दडवून ठेवली नाही. येथे द्युब्वांहून निराळे वर्तन दिसते. तरीही अर्थशास्त्राच्या कीर्तीबरोबर शामशास्त्रींचे नाव जगभर गेले आणि तो दाता आजही ‘एक पंडित’ म्हणूनच उल्लेखिला जातो. कबुली असते तेथेही नाव उरतेच असे नाही.

१९६९ मध्ये भारतीय भाषा संस्थेची स्थापना याच नगरात झाली आणि भाषांच्या नोंदी घेणाऱ्या अनेक पिढ्या येथून देशभर गेल्या. अशा नोंदींमागे बोलणारी माणसे असतात. त्यांतील ज्यांची हरकत नसेल त्यांची नावे नोंदवावी, भाषांतरकाराचे नाव मुखपृष्ठावर यावे, कोणत्या गावी आणि कोणत्या साली माहिती घेतली ते स्पष्ट लिहावे, एका गावची रीत साऱ्या जातीच्या माथी मारू नये, या सूचना नव्या नाहीत. त्यांच्याकडे सहसा पद्धतिशास्त्राचा भाग म्हणून पाहिले जाते आणि त्यामुळे वेळ नसला, जागा नसली की त्या प्रथम गळतात. वाणीविषयीच्या ख्रिस्ती विचाराने त्यांना वेगळा दर्जा प्राप्त होतो. तळटीप ही विद्वत्तेची शोभा नव्हे. ते ऋणाच्या फेडीचे स्थळ होय. देश आणि काळ यांचा निर्देश म्हणजे ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना बदलण्याचा, पुढे जाण्याचा हक्क राखून ठेवणे होय.

द्युब्वांचा ग्रंथ यापुढेही वाचला जाईल आणि तो वाचला जावा. फक्त त्याचा निर्देश करताना कर्दूंचे नाव जोडीने आले पाहिजे. म्युर यांच्या अभ्यासानंतरही अनेक लेखांत आणि पाठ्यपुस्तकांत तो ग्रंथ म्हैसूरच्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा म्हणूनच उद्धृत होतो. हिरावलेला लौकिक परत करावा, हे बंधन मूळ अपराध्याबरोबर संपत नाही. त्या लौकिकाचा उपयोग करणाऱ्या प्रत्येकाकडे ते चालत येते. द्युब्वा १८४८ मध्ये निवर्तले. त्यांच्या हातून राहून गेलेली परतफेड त्यांच्या वाचकांना करता येण्याजोगी आहे.